मुसळाचा आवाज काढू नका

आमच्या धंद्यात फोन करणाऱ्याचा पहिला प्रश्न किमतीचा असतो, तो कधी बदलला नाही. दुसरा प्रश्न बदलला. पूर्वी विचारायचे, "बघायला कधी येऊ?" आता म्हणतात, "व्हिडिओ टाका की."

आम्ही मिरची कांडप यंत्रं बनवतो. मिरची, मसाला, हळकुंडं कुटायचं यंत्र. आमच्याकडं त्याला डंक म्हणतात. मोटार दांडा फिरवते, दांड्यावरचे कॅम मुसळ वर उचलतात आणि सोडून देतात, मुसळ उखळात आपटतं. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. लेथ, वेल्डिंग, जुळणी मोठा भाऊ, दादा, बघतो. वर्कशॉप उभं केलं ते आबांनी, त्यांचं लक्ष सगळीकडं असतं. विक्रीचा फोन माझ्याकडं.

यंत्र घेणारे बहुतेक जण पहिल्यांदाच धंद्यात उतरत असतात. बचत गटातल्या बायका, पुण्यातली नोकरी सोडून गावी आलेला एखादा मुलगा, पिठाच्या गिरणीशेजारी कांडप टाकू पाहणारा गिरणीवाला. फोन गडहिंग्लज, जत, मंगळवेढ्याहून येतात तसे निपाणी, संकेश्वर, अथणीहूनही येतात. २०२० साली पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना आली. प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान म्हटल्यावर कोटेशन मागणाऱ्यांची संख्या वाढली. बँकेला कोटेशन पुरतं. घरच्यांना पुरत नाही. सासू, नवरा, दीर या सगळ्यांना घेऊन कोल्हापूर गाठणं कुणाला परवडतं? मग रात्री जेवणं झाल्यावर एका मोबाइलभोवती सगळे बसतात, आमचं यंत्र बघतात आणि निर्णय तिथंच होतो. आम्ही त्या घरात नसतो, आमचा व्हिडिओ असतो.

तो व्हिडिओ इतकी वर्षं मीच काढत होते. यंत्र जुळून झालं की चालू करायचं, मोबाइल समोर धरायचा, दोन वाक्यं बोलायची आणि पाठवून द्यायचं. काम भागत होतं. पण शेजारच्या एका युनिटनं ड्रोन वगैरे लावून फिल्म केली आणि दादाच्या मनात भरलं, "आपण पण एकदा प्रोफेशनल करून घेऊ."

ती फिल्म मी पाहिली. उगवता सूर्य, वरून दिसणारं शेडचं पत्र्याचं छप्पर, सीएनसीवर उडणाऱ्या ठिणग्या, हस्तांदोलन, आणि भारदस्त आवाजात गुणवत्ता, विश्वास, परंपरा. देखणी होती, त्यात वाद नाही. पण ती संपल्यावर हे लोक नक्की काय बनवतात ते मला सांगता आलं नसतं. मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्याला अशी फिल्म उपयोगी पडत असेल. त्याचं गिऱ्हाईक आधी पसारा बघतं. आमचं गिऱ्हाईक यंत्र चालताना बघायला बसलेलं असतं.

तरी दोन-तीन ठिकाणांहून दर मागवले. सगळ्यात मोठा आकडा १,८०,००० रुपयांचा होता, वर १८ टक्के जीएसटी. त्यात ड्रोन, निवेदक, फिरत येणारा त्रिमितीय लोगो, पार्श्वसंगीत आणि 'संस्थापकांचा प्रवास' म्हणून आबांची मुलाखत. आबा कागद लांब धरून वाचत होते. म्हणाले, "माझं थोबाड बघून कोण मशीन घेणार हाय?" आणि मग, "ज्या गावात बाबूराव पेंटरांनी कॅमेराच स्वतः तयार केला, तिथं फिल्मला एवढं पैसं लागत्यात व्हय?" त्या कॅमेऱ्यावर १९२० चा 'सैरंध्री' चित्रित झाला, हे कोल्हापुरातल्या कुठल्याही जुन्या मिस्त्रीला तोंडपाठ असतं. आबांना आमच्या लेथचा आणि त्या कॅमेऱ्याचा वंश एकच वाटतो.

हिशेब मात्र मला करायचा होता. जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणून तो बाजूला ठेवला. आमच्या घरगुती मॉडेलवर सगळा खर्च जाऊन साधारण ८,००० रुपये उरतात. म्हणजे १,८०,००० भरून यायला एरवी विकली नसती अशी २३ यंत्रं विकावी लागणार. नुसती २३ यंत्रं नाही. 'एरवी विकली नसती अशी', हे महत्त्वाचं. ज्यानं घ्यायचं ठरवूनच फोन केला, त्याला फिल्म दाखवली काय नि न दाखवली काय. शिवाय आम्ही दर दोन-तीन वर्षांनी मॉडेलमध्ये काहीतरी बदलतो, पट्ट्यावरचं झाकण, उखळाची रचना असं. बदल झाला की जुनी फिल्म दाखवणं फसवणूक ठरते. तेव्हा ते पैसे दोन-तीन वर्षांतच वसूल व्हायला हवेत.

नुसत्या आकड्यांवर ठरवायचं तर तिथंच 'नको' म्हणून विषय संपला असता. पण आकड्यांना उत्तर देता येईल असा प्रश्नच आम्ही अजून विचारला नव्हता. फिल्मनं नेमकं काय करायचं, ते कुणी ठरवलंच नव्हतं. दादाला कंपनी मोठी दिसायला हवी होती, फिल्मवाल्याला त्याची कला दाखवायची होती. गिऱ्हाइकाला काय हवंय, हे दिवसभर माझ्या कानावर पडत होतं. ते लिहून काढायला सुरुवात केली. फोन आला की कोटेशनच्या वहीत मागच्या पानावर प्रश्न टिपायचा.

प्रश्न ठरलेलेच निघाले. घरातल्या लाईटवर चालेल का, की थ्री फेज घ्यावी लागेल? बिल किती येईल? आवाज किती होतो, शेजारी भांडतील का? मिरची उडते का, घट किती येते? पावडर किती बारीक होते? एकट्या बाईला जमेल का? मसाला काढून मिरची घालायची तर साफ कसं करायचं? पट्टा तुटला तर कोण येणार? कंपनी कधी सुरू झाली, हे कुणीच विचारलं नाही.

यातल्या काही प्रश्नांना बोलून उत्तर देता येतं. दोन एचपीची सिंगल फेज मोटार पूर्ण भारावर तासाला दीड ते दोन युनिट घेते, हे सांगायला कॅमेरा कशाला? साफसफाई आणि पट्टा बदलणं मोबाइलवर नीट दाखवता येतं, उलट आमच्याच माणसाच्या हातानं दाखवलेलं लोकांना पटतं. उरले तीन प्रश्न: पावडर, आवाज आणि धूळ. नेमक्या याच ठिकाणी माझे व्हिडिओ कमी पडत होते.

यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओचा एक आलेख मिळतो. कितव्या सेकंदाला किती लोक अजून बघताहेत ते त्यात दिसतं. माझ्या नमस्कार-चमत्कारात आलेख धाडकन खाली यायचा. पुढं मी पावडर तळहातावर घेऊन बोटानं चोळून दाखवते, तिथं तो परत वर चढायचा. लोक मागं नेऊन तेवढंच पुन्हा बघत होते. आणि त्या जागी दिसत काय होतं? मोबाइल लाल रंग इतका भडक करतो की बारीक-जाड कणांतला फरक पुसला जातो, हातात गुलाल घेतल्यासारखं दिसतं. ब्याडगीचा गडद लाल आणि लवंगीचा लाल पडद्यावर सारखाच. शेडमधल्या दिव्यांचा त्रास वेगळा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण कॅमेऱ्याचा शटर वेगानं उघडझाप करायला लागला की चित्रात काळे पट्टे सरकू लागतात. मुसळांच्या हालचालीवर ते पट्टे फिरले की बघणाऱ्याला वाटतं, यंत्रच थरथरतंय.

म्हणजे व्यावसायिक माणूस हवा होता, पण कोटेशनमध्ये लिहिलेल्या कामांसाठी नाही. सूर्योदय आणि लोगो काढून टाकला, तीन प्रश्न कागदावर लिहिले आणि पुन्हा फिरले. काहींनी काम लहान म्हणून रस घेतला नाही. लग्नाचं शूटिंग करणारा एक मुलगा वर्कशॉपवर आला. त्यानं बॅग उघडण्याआधी सांगितलं, "ताई, मशीन चालू करा, आधी ऐकतो." मला तिथंच बरं वाटलं. तो म्हणाला, आवाजाचं नुसतं रेकॉर्डिंग करून उपयोग नाही. बघणारा मोबाइलचा आवाज कमी-जास्त करणारच, आणि मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर तो स्वतःच मोठा आवाज दाबतो, लहान आवाज वाढवतो. शेजारी माणूस बोलत पाहिजे. यंत्राजवळ, दारात आणि भिंतीपलीकडं, तिन्ही ठिकाणी एकच माइक, एकच सेटिंग, आणि त्याच पट्टीत बोलणारी एकच बाई. तिचं बोलणं कुठं बुडतं आणि कुठं स्पष्ट येतं, त्यावरून बघणाऱ्याला आवाज कळेल. इतकी वर्षं मी लोकांना "फार आवाज नाही हो" एवढंच सांगत आले होते.

त्याचा दर ५५,००० रुपये आणि वर ९,९०० जीएसटी. यात शूटिंग, दोन कॅमेरे, दिवे, माइक, संकलन, मराठी मजकूर आणि वेगवेगळ्या लांबीचे तुकडे. आमच्या हिशेबात सात यंत्रं. हा आकडा आबांनाही झेपला.

दादानं ड्रोनचा विषय एकदा काढून बघितला. उजळाईवाडीचा विमानतळ आमच्या शेजारीच आहे आणि विमानतळाच्या परिसरात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. परवानगीची खटपट करायची, ती छप्पर दाखवायला? विषय मिटला.

तारीख ठरवणं मात्र सोपं नव्हतं. लग्नाचं काम करणाऱ्याला पावसाळ्यात सवड असते, दरही उतरतो. पण पावसाळ्यात मिरची सादळते. मऊ पडलेली मिरची उखळात कुटली जात नाही, नुसती चेपते. जगातला कुठलाही कॅमेरा तिची बारीक पावडर दाखवू शकणार नाही. उन्हाळ्यात मिरची कडकडीत, पण तेव्हा त्याची लग्नसराई आणि आमचा हंगाम, दोघांनाही मान वर करायला वेळ नसतो. शेवटी त्यानंच सुचवलं, पौषात करू. पौषात लग्नं नसतात, हवा कोरडी असते, नवी मिरची बाजारात येऊ लागलेली असते. पौषाला लोक शुभ मानत नाहीत, पण आमचं त्यानं फार सोयीचं झालं.

करार म्हणून एक पान लिहिलं. पैसे देऊन फिल्म करून घेतली आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पहिला हक्क करून घेणाऱ्याचा असतो. पण हक्क कागदावर आणि फायली दुसऱ्याच्या हार्डडिस्कवर, असं असलं तर पुढं पंचाईत. म्हणून न कापलेलं सगळं चित्रण आमच्याकडं द्यायचं, असं स्पष्ट लिहून घेतलं. सिनेमाचं गाणं वापरायचं नाही, नाहीतर यूट्यूबवर हक्काचा दावा येतो. मजकूर वेगळ्या थरात ठेवायचा, म्हणजे पुढं कन्नड आणि हिंदी करता येईल. कॅमेऱ्यासमोर दिसणाऱ्या आमच्या कामगारांना आधी विचारायचं आणि नको म्हणेल त्याला घ्यायचं नाही.

शूटिंगच्या दिवशी खरा वाद झाला तो धुळीवरून. त्यानं दिवा यंत्राच्या मागं लावला. समोरून प्रकाश टाकला तर हवेतले कण दिसत नाहीत. मागून टाकला की एकेक कण पेटतो. मुसळ पडलं की उखळातून लाल धूर उसळायचा आणि त्या उजेडात सावकाश वर चढायचा. सगळे काम सोडून बघत उभे राहिले. तो शिंकत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण कॅमेरा सोडत नव्हता. छोट्या पडद्यावर बघून आबासुद्धा म्हणाले, "आयला, झ्याक!"

मी म्हटलं, हे घ्यायचं नाही. त्याला कळेना. वर्षातून एखादाच शॉट असा मिळतो म्हणाला. त्याच्या नजरेनं त्याचं बरोबर होतं. पण मला जतमधल्या एखाद्या घरात मोबाइलभोवती बसलेले चेहरे दिसत होते. सासू काय बघणार? मिरची उडतीय. किलोला किती गेली? पोरं खोकणार, वाळत घातलेल्या धुण्यावर बसणार. ज्या प्रश्नाला उत्तर द्यायला आपण पैसे खर्च करतोय, त्याचं चुकीचं उत्तर आपणच सुंदर करून दाखवणार. आणि ते पूर्ण खरंही नव्हतं, कारण दिवा पडावा म्हणून त्यानं उखळावरचं झाकण काढून ठेवलं होतं. झाकण लावून पुन्हा चालवलं. धूळ फार कमी झाली, पूर्ण थांबली नाही. ती तशीच दाखवायची ठरली. कुटण्याआधी एक किलो मिरची काट्यावर, कुटून-चाळून झाल्यावर पावडर आणि चाळणीवरचा चाळ पुन्हा काट्यावर. मध्ये कट नाही. काट्यावर वजन थोडं कमी आलं, तेही ठेवलं. "घट येतच नाही" असं सांगणारा आपल्या धंद्यातला दुसरा कोणी असेलच, आणि गिऱ्हाईक त्याला ओळखून असतं.

तळहाताचा शॉट मात्र त्याचा होता, त्यात मी बोललेसुद्धा नाही. आधी पांढरा कागद धरून त्यानं कॅमेऱ्याचा रंग लावून घेतला, मग लाल रंग मुद्दाम थोडा खाली आणला. जवळचं भिंग लावून बाजूनं हलका उजेड टाकला. त्या तिरक्या उजेडात प्रत्येक कणाची सावली पडली आणि आयुष्यात पहिल्यांदा मला पडद्यावर मिरचीची पावडर हाताला लागते तशी दिसली. पहिली चाळणी, दुसरी चाळणी, दोन तळहात शेजारी शेजारी. पंचावन्न हजारांतले अर्धे त्या शॉटचे, असं मी दादाला सांगून टाकलं.

संकलन होऊन पहिला मसुदा आला, तेव्हा त्यात सगळीकडं गोड सतार वाजत होती. यंत्राचा आवाज खाली कुठंतरी. मी फोन करून एवढंच म्हटलं, "मुसळाचा आवाज काढू नका, त्याचंच तर पैसं दिलंय." तो हसला आणि सतार काढून टाकली. सुरुवातीचा नमस्कारही काढायला लावला. आता व्हिडिओ सुरू होतो तोच देठ काढलेली मिरची उखळात पडते तिथून.

आता लोक विचारतात, फरक किती पडला? किती यंत्रं त्या व्हिडिओमुळं गेली, हे सांगणारा काटा आमच्याकडं नाही. त्या हंगामात चौकशी वाढली, पण अनुदानाच्या मंजुऱ्याही त्याच सुमारास आल्या होत्या. सगळं श्रेय फिल्मला देणं हिशेबाला धरून नाही. फोनवरचं बोलणं बदललं, एवढं मी खात्रीनं सांगते. आवाजाचा प्रश्न जवळपास बंद झाला. "त्या दारातल्या बाईचं ऐकू येतंय की" असं लोकच म्हणतात. पहिल्या फोनवर जाणारा वेळ निम्म्यावर आला आणि जे फोन करतात ते जागा, लाईट, कर्ज असलं पुढचं बोलतात. हंगामात माझा वेळ सगळ्यात महाग असतो. खर्चाची वसुली मी तिथं मोजते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना व्हिडिओ दाबला जातो आणि तो तळहात पुन्हा अंधूक होतो, म्हणून आता फाइल न पाठवता यूट्यूबची लिंक देते. यंत्र बसवलेल्या बायकांचे व्हिडिओ त्यांच्या घरी जाऊन अजूनही मोबाइलवरच काढते, त्यांच्या पडवीत, त्यांच्या बोलीत. तिथं दिवे लावले तर त्यांचं खरं बोलणं खोटं वाटायला लागेल.

आणि तो लाल धुराचा शॉट? न कापलेलं चित्रण आमच्याकडं होतंच. डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शनात स्टॉल घेतला. तिथं गर्दी चालत असते, आवाज कुणाला ऐकू येत नाही, आणि माणूस थांबलाच नाही तर त्याला घट दाखवणार कशी? टीव्हीवर तेवढाच शॉट, न थांबता फिरत ठेवला. लोक थांबले. थांबलेल्याला मी आत घेऊन झाकण लावलेलं यंत्र आणि काटा दाखवला. घरातल्या मोबाइलवर जो शॉट आमचं नुकसान करणार होता, त्यानं स्टॉलवर गिऱ्हाईक आणलं.

दादा म्हणतो, पुढच्या वर्षी कंपनीची मोठी फिल्म करूच. मी नाही म्हटलेलं नाही. ती कोण बघणार, कुठं बघणार आणि बघून आपल्याला काय विचारायचं सोडणार, हे त्यानं कोटेशनच्या वहीत मागच्या पानावर लिहून द्यावं, मग दर मागवू. आबांची मुलाखत त्यात असेल तर आबांना आधी विचारायचं.